महाराष्ट्राच्या महिला संघाचा इतिहास १९७३ पासून धरा

प्रति,
अपेक्स कौन्सिलचे सर्व सदस्य,
महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशन, पुणे
तसेच असोसिएशनशी संलग्न सर्व जिल्हा संघटनांचे पदाधिकारी

विषय : वरिष्ठ महिला राज्य संघाच्या १९७३ ते २००६ या काळाची नोंद करून त्या खेळाडूंना पदार्पण क्रमांकासह मान्यता देण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

महिलांची पहिली आंतरराज्य राष्ट्रीय क्रिकेट स्पर्धा एप्रिल १९७३ मध्ये झाली, आणि ती आपल्या पुण्यात झाली. संघ तीनच होते : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. भारतीय महिला क्रिकेट संघटना त्याच वर्षी लखनौला स्थापन झाली होती. महेंद्रकुमार शर्मा तिचे संस्थापक सचिव. भारताचा महिला संघ तेव्हा अस्तित्वातच नव्हता. पहिली अधिकृत कसोटी व्हायला अजून साडेतीन वर्षं होती. याचा सरळ अर्थ असा की महाराष्ट्राच्या मुलींचा संघ भारताच्या मुलींच्या संघापेक्षा जुना आहे. पुढची सगळी विनंती याच एका गोष्टीवर उभी आहे, म्हणून ती आधी सांगितली.

विनंती अशी. त्या एप्रिलपासून नोव्हेंबर २००६ पर्यंत, म्हणजे महिला संघटना बीसीसीआयमध्ये विलीन होईपर्यंत, जी जी मुलगी महाराष्ट्राच्या वरिष्ठ संघातून खेळली तिचं नाव शोधून काढावं. पदार्पणाच्या क्रमाने प्रत्येकीला क्रमांक द्यावा. आणि ही यादी ‘महिला संघटनेच्या काळातील खेळाडू’ अशा वेगळ्या परिशिष्टात न टाकता असोसिएशनची स्वतःची यादी म्हणून जाहीर करावी. आज महाराष्ट्राकडून पहिला सामना खेळणाऱ्या मुलीला तिचा क्रमांक मिळेल तो या यादीत पुढे चालू असलेला असावा.

यावर पहिला आक्षेप काय येईल याची मला कल्पना आहे. २००६ पूर्वी महिलांचं क्रिकेट वेगळ्या संघटनेकडे होतं, निवड तिची, सामने तिचे, कागदपत्रंही तिचीच. ते आमच्या दप्तरात कसं असणार? दप्तरात नसेल हे मान्य. पण मालकी आणि दप्तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि याबाबतीत बीसीसीआयने स्वतःच पायंडा घालून दिला आहे. ३१ ऑक्टोबर १९७६ ला बंगळूरला वेस्ट इंडीजविरुद्ध सुरू झालेली कसोटी बोर्डाने भरवलेली नव्हती. त्याच मालिकेत पाटण्याला मिळालेला पहिला कसोटी विजयही बोर्डाच्या छत्राखालचा नव्हता. तरी आज तो भारताचा पहिला महिला कसोटी विजय म्हणूनच मोजला जातो. त्या संघाच्या कर्णधार शांता रंगास्वामी यांना २०१७ मध्ये बोर्डाने जीवनगौरव पुरस्कार दिला, आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. जुन्या आंतरराष्ट्रीय खेळाडूंना बोर्ड निवृत्तिवेतन देतं. देशाच्या पातळीवर जे झालं तेच राज्याच्या पातळीवर करायचं आहे. छातीवर नाव महाराष्ट्राचंच होतं ना?

माझ्या मते हे काम आजवर राहून गेलं त्याला कुणाची वाईट इच्छा कारणीभूत नाही. आंतरराष्ट्रीय सामन्यांचे आकडे कुठे ना कुठे टिकले, कारण समोरच्या देशानेही ते लिहून ठेवले. राज्याच्या सामन्यांना असा दुसरा पहारेकरी नव्हता. शुभांगी कुलकर्णी यांचंच उदाहरण घ्या. पुण्याची मुलगी, लेगस्पिन टाकणारी, १९७६ च्या त्या पहिल्या मालिकेपासून १९९१ पर्यंत भारतासाठी खेळली. १९ कसोटी, ६० बळी, २७ एकदिवसीय सामने, भारताचं कर्णधारपद, १९८५ चा अर्जुन पुरस्कार. हे सगळं कुणालाही एका मिनिटात सापडतं. पण त्यांनी महाराष्ट्रासाठी किती बळी घेतले? कुणाविरुद्ध, कुठल्या मैदानावर, पहिला बळी कोणाचा? ज्या ज्या ठिकाणी आपण खेळाडूंचे आकडे पाहतो तिथे २००६ पूर्वीच्या महिलांच्या देशांतर्गत कारकिर्दीचा रकाना बहुतेक रिकामा असतो. विलीनीकरणाच्या वेळी महिला संघटनेच्या सचिव असलेल्या आणि सगळा कारभार बोर्डाच्या हाती सोपवणाऱ्या बाईंची ही गत. मग जी मुलगी महाराष्ट्रासाठी दोन हंगाम खेळली, लग्न झालं, नोकरी लागली आणि थांबली, तिचं काय उरलं असेल?

उरलंय थोडंसं, आणि ते कुठल्या अवस्थेत उरलंय हे मला जवळून माहीत आहे. मी पुष्कळ वर्षं मुलींच्या सामन्यांची स्कोअरर होते. माझ्याकडे आणि माझ्या ओळखीच्या काही जुन्या खेळाडूंकडे मिळून थोड्या स्कोअरबुका आहेत. लांबट आकाराची, पुठ्ठा सुटलेली, दोऱ्याने पुन्हा शिवलेली. त्यातली एक उघडली की डाव्या बाजूला फलंदाजीचे रकाने, खाली गोलंदाजीचं विश्लेषण, निर्धाव षटकाला ठिपके जोडून काढलेला एम. शिसपेन्सिलीने लिहिलंय, त्यामुळे जिथे बोट सारखं फिरलंय तिथल्या धावा पुसट झाल्यात. सामना कुणाविरुद्ध ते वर लिहिलंय, तारीख आहे, वर्ष नाही. वर्ष लिहावं असं तेव्हा कुणाला वाटलं नाही, कारण ते सगळ्यांना माहीतच होतं.

आणि नावं. काही ठिकाणी आडनाव आणि आद्याक्षर, काही ठिकाणी नुसतं पाळण्यातलं नाव, एका ठिकाणी तर हाक मारायचं नाव. जे आडनाव आहे ते माहेरचं. त्या मुलीचं पुढे लग्न झालं, आडनाव बदललं, काहींचं पहिलं नावही बदललं. आज तिच्या आधार कार्डावर, बँकेच्या पासबुकावर जे नाव आहे त्याचा आणि स्कोअरबुकातल्या नावाचा मेळ कोणताही संगणक घालू शकत नाही. पुरुषांच्या जुन्या संघाची यादी करताना ही अडचण येतच नाही; १९४०-४१ ला रणजी जिंकलेल्या संघातला माणूस मरेपर्यंत त्याच नावाने ओळखला गेला. मुलींच्या बाबतीत हा मेळ घालणारी एकच जागा आहे : तिच्याबरोबर खेळलेल्या बाकीच्या मुलींची आठवण. ‘अगं ती डावखुरी, कॉलेजला एक वर्ष पुढे होती, नंतर नाशिकला दिली तिला,’ असं चौघी एकत्र बसल्या की निघतं. एकेकीला फोन करून निघत नाही, हे अनुभवाने सांगते. १९७३ साली ज्या अठरा-वीस वर्षांच्या होत्या त्या आज सत्तरी ओलांडून गेल्या आहेत. या कामात घाई आहे ती याच्यासाठी.

म्हणून पद्धतीबद्दलही थोडं सुचवते. मोठी समिती नको. दोन-तीन माजी खेळाडू, एक आकडेवारीचा जाणकार आणि वृत्तपत्रांच्या जुन्या फायली चाळायची सवय असलेलं एखादं माणूस, एवढे पुरेत. त्यांना खर्चासाठी थोडी तरतूद आणि असोसिएशनचं अधिकृत पत्र द्यावं, कारण ग्रंथालयात किंवा वर्तमानपत्राच्या कचेरीत जुन्या फायली मागायला गेलं की पत्राशिवाय दार उघडत नाही. ‘सकाळ’ आणि ‘केसरी’च्या एप्रिल १९७३ च्या अंकांपासून सुरुवात करता येईल. सामना पुण्यातच होता, तेव्हा धावफलक लहानसा का होईना छापला गेला असण्याचा संभव मोठा आहे. त्यानंतरची स्पर्धा त्याच वर्षाअखेर वाराणसीला झाली, तिथे आठ संघ होते. तिसरी कलकत्त्याला, तिथे चौदा. तिथली वर्तमानपत्रंही पाहावी लागतील. त्या काळात मुली आरक्षण नसलेल्या डब्यातून, आपापली वळकटी घेऊन प्रवास करत, वसतिगृहात किंवा शाळेच्या खोलीत उतरत, किट आपसांत वाटून वापरत. हे त्या पिढीच्या खेळाडूंनी वेळोवेळी सांगितलं आहे. पुण्याहून वाराणसीला असं जाऊन खेळलेल्या मुलीची एकही धाव आपल्याकडे नोंदलेली नसावी हे मला मनापासून लागतं.

१९७५ मध्ये ऑस्ट्रेलियाचा पंचवीस वर्षांखालील महिला संघ भारतात आला तेव्हा तीनपैकी एक सामना पुण्यात झाला होता, बाकीचे दिल्ली आणि कलकत्त्याला. त्या तीन सामन्यांना भारताच्या तीन वेगवेगळ्या कर्णधार होत्या : उज्ज्वला निकम, सुधा शाह आणि श्रीरूपा बोस. परदेशी महिला संघाशी भारताची ती पहिली मालिका. आज असोसिएशनच्या गहुंजेच्या मैदानावर सरावाला येणाऱ्या किती मुलींना उज्ज्वला निकम हे नाव ठाऊक असेल? दोष मुलींचा नाही. त्यांना कुणी सांगितलंच नाही, आणि सांगायला हाताशी कागद नाही.

जिल्हा संघटनांना मी या पत्रात मुद्दाम सामील केलं आहे. महाराष्ट्राचा महिला संघ पुण्यातून सुरू झाला असला तरी गेल्या काही वर्षांत तो जिल्ह्यांनी उभा केला आहे. सांगलीच्या माधवनगरला वाढलेली स्मृती मानधना नवव्या वर्षी पंधरा वर्षांखालील राज्य संघात होती आणि अकराव्या वर्षी एकोणीस वर्षांखालील. ऑक्टोबर २०१३ मध्ये वडोदऱ्याला गुजरातविरुद्ध एकोणीस वर्षांखालील सामन्यात तिने १५० चेंडूंत नाबाद २२४ केल्या, तेव्हा एकदिवसीय सामन्यात द्विशतक करणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. ते द्विशतक महाराष्ट्राच्या कॅपखाली झालं आहे. कोल्हापूरची अनुजा पाटील भारतासाठी पन्नास टी-ट्वेंटी सामने खेळली आणि महाराष्ट्राचं कर्णधारपद तिने सांभाळलं. पुण्याची देविका वैद्य, नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरची माया सोनवणे, २०२४ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध एकदिवसीय पदार्पण करणारी तेजल हसबनीस. ही नावं नोंदीत आहेत, सुरक्षित आहेत, आणि त्याचा आनंद आहे. ती सुरक्षित आहेत कारण या मुली २००६ नंतर खेळल्या. पण यांच्याच गावांतल्या, यांच्या आधीच्या मुली कोण होत्या? सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नाशिक इथून ऐंशी-नव्वदच्या दशकात राज्य संघात आलेल्या मुलींची नावं त्या त्या जिल्ह्यात कुणाला तरी आठवत असणार. जिल्हा संघटनेच्या सचिवांनी एक नोटीस लावली, स्थानिक दैनिकात एक निवेदन दिलं, तरी पुष्कळ हाती लागेल.

किरण नवगिरेबद्दल लिहिल्याशिवाय मला हे पत्र पुरं करता येत नाही. सोलापूर जिल्ह्यातली ही मुलगी आधी मैदानी खेळांत होती, भालाफेक आणि गोळाफेक करायची. २०२१-२२ च्या वरिष्ठ महिला टी-ट्वेंटी स्पर्धेत ती नागालँडकडून उतरली. अरुणाचल प्रदेशविरुद्ध ७६ चेंडूंत नाबाद १६२. टी-ट्वेंटीत दीडशेचा टप्पा ओलांडणारी ती पहिली भारतीय ठरली. त्या स्पर्धेत सर्वाधिक धावाही तिच्याच होत्या, ५२५. त्याच स्पर्धेत महाराष्ट्राचा संघ अंतिम फेरीत पोचला आणि रेल्वेकडून हरला. महिनाभरात, मे २०२२ मध्ये, महिला टी-ट्वेंटी चॅलेंज आपल्याच गहुंजेच्या मैदानावर झाली आणि तिथे किरणने २५ चेंडूंत अर्धशतक ठोकलं. मग भारतीय संघ, मग डब्ल्यूपीएल, म्हणजे महिला प्रीमियर लीग. पुढे ती महाराष्ट्राकडे परत आली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरला पंजाबविरुद्ध ३४ चेंडूंत शतक केलं. महिलांच्या टी-ट्वेंटीतलं ते जगातलं सर्वांत वेगवान शतक, आणि ते महाराष्ट्राच्या नावावर आहे.

हे उगाळून सांगण्याचा हेतू कुणाला जाब विचारण्याचा नाही. मला म्हणायचंय ते हे की राज्य संघाचा इतिहास फक्त संघात असलेल्यांचा होत नाही. दुसऱ्या राज्याकडून खेळलेल्या, नोकरीसाठी रेल्वेत गेलेल्या मुलीही त्यात येतात. वर्षानुवर्षं महिलांच्या स्पर्धांवर रेल्वेचं राज्य राहिलं त्यामागे मोठं कारण हे की क्रिकेट खेळणाऱ्या मुलीला पगार देणारी जागा तीच होती. राज्याने घडवलेल्या मुली तिकडे जाणारच होत्या आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. नोंदवहीत प्रत्येकीपुढे ‘पुढे कुठे गेली’ असा एक रकाना असावा. तो रकाना भरला की निवड समितीला आपोआप दिसेल की कुठल्या काळात, कुठल्या जिल्ह्यातून, कुठल्या वयात मुली गळल्या. पन्नास वर्षांची अशी माहिती हाती असलेली दुसरी राज्य संघटना देशात सहज सापडणार नाही.

आपण अलीकडे जे केलं आहे त्याची जाणीव मला आहे. २०२५ मध्ये चार संघांची महिला एमपीएल, म्हणजे महाराष्ट्र प्रीमियर लीग, सुरू झाली, मुली गहुंजेला दिव्यांच्या उजेडात खेळल्या, घरच्यांनी त्या टीव्हीवर पाहिल्या. महिलांची खंडित झालेली आंतरविभागीय बहुदिवसीय स्पर्धा २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली तीही पुण्यातच. डिसेंबर २०२५ मध्ये बोर्डाने वरिष्ठ महिला खेळाडूंचं देशांतर्गत एकदिवसीय सामन्याचं मानधन दिवसाला २० हजारांवरून ५० हजारांवर नेलं. आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून आपण विश्वचषक जिंकला, तेव्हा राज्य सरकारने स्मृती, जेमिमा रॉड्रिग्ज आणि राधा यादव या तिघींना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये दिले. हे व्हायलाच हवं होतं. या सगळ्याकडे पाहताना वाटतं की आता अडचण पैशांची राहिलेली नाही. यादी करण्याचं काम त्या मानाने फार स्वस्त आहे.

माजी खेळाडूंच्या मदतीचा विषयही यादीशीच जोडलेला आहे. बोर्डाची महिलांसाठीची निवृत्तिवेतनं आंतरराष्ट्रीय सामन्यांवर ठरतात. ज्या राज्यापर्यंतच पोचल्या त्यांच्यासाठी असोसिएशनने निदान वैद्यकीय मदतीची सोय करावी असं मला वाटतं. गुडघे आणि पाठी मॅटिंगवर, खडकाळ आउटफिल्डवर धावून झिजवलेल्या आहेत त्यांनी. पण त्यासाठी अर्ज आला तर ही बाई खरंच महाराष्ट्राकडून खेळली होती का, हे ठरवणार कशावरून? यादी नसेल तर प्रत्येकीला म्हातारपणी दारोदार पुरावे गोळा करत फिरावं लागेल. ती वेळ आपण येऊ देऊ नये.

गहुंजेला मोठं दालन, पुतळे, काचेच्या कपाटात बॅट अशी कल्पना कुणी मांडली तर माझी विनंती आहे की ते नंतर. आधी नावं पूर्ण करा. अर्धवट यादी संगमरवरावर कोरली की सुटलेली नावं कायमची सुटतात. एखाद्या स्टँडला शुभांगी कुलकर्णी यांचं नाव देण्याचा विचार मात्र लगेच करता येईल. त्याला संशोधनाची गरज नाही.

पहिल्या संघातल्या ज्या हयात आहेत त्यांना एकदा एकत्र बोलवावं. समारंभ नको, हार-तुरे नकोत. पुण्यात दोन दिवस त्यांच्या राहण्याची सोय करा, टेबलावर सगळ्या जुन्या स्कोअरबुका, फोटो आणि वर्तमानपत्रांच्या प्रती मांडा, बाजूला दोन तरुण मुली लिहून घ्यायला बसवा, आणि त्यांना बोलू द्या. आजच्या वरिष्ठ संघातल्या मुलींना त्या दोन दिवसांत सराव लवकर संपवून तिथे येऊन बसता आलं तर फार बरं होईल. मुंबई आणि विदर्भाच्या संघटनांनाही कळवावं लागेल, कारण नोकरी-लग्नामुळे मुली एका हद्दीतून दुसरीत गेल्या आणि काही जणी दोन्हीकडून खेळल्या असतील.

माझ्याजवळच्या स्कोअरबुका मी असोसिएशनला विनामूल्य द्यायला तयार आहे. अट एकच, त्यांच्या प्रती काढून मूळ वह्या नीट जपून ठेवाव्यात. ओळखीच्या माजी खेळाडूंशी बोलले आहे, त्याही आपापल्या वह्या आणि फोटो घेऊन यायला तयार आहेत. यादी करण्याच्या कामात मला बसवलंत तर मी येईन. नाही बसवलंत तरी विचाराल ते सांगेन. पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि त्याआधी जिल्हा संघटनांना माहिती मागवणारं परिपत्रक पाठवावं, एवढी पहिली दोन पावलं आपण टाकावीत ही आग्रहाची विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मुलींच्या सामन्यांची एक जुनी स्कोअरर
पुणे